बॉबिन संपली की उठा: मान, पाठ आणि पोटऱ्या मोकळ्या करायची आमची रीत

मशीनवर बसणाऱ्या बाईला कुठे दुखतं हे विचारावं लागत नाही. उठताना तिचा एक हात कंबरेवर जातो, दुसरा मानेच्या मागचा गोळा दाबतो आणि पहिली दोन-चार पावलं ती वाकूनच टाकते.

मी मिरजेत ब्लाऊज आणि ड्रेस शिवते, शिवण शिकायला मुलीही येतात. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्याच एका दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्याकडे कपडे टाकतात. त्यांचे ब्लाऊज मी शिवायचे आणि माझी मान त्यांनी बघायची, असा आमचा व्यवहार बरीच वर्षं चालला आहे. खाली लिहिलंय ते बहुतेक त्यांनी शिकवलेलं, आणि माझ्यावर व माझ्याकडच्या मुलींवर वापरून बघितलेलं. तुम्ही शिवत नसलात तरी वाचा. कॉम्प्युटरवर बसा, दुकानात गल्ल्यावर बसा नाहीतर ओट्याशी उभ्या राहून पन्नास पोळ्या लाटा, मान पुढे आणि हात पुढे ही तऱ्हा सगळीकडे एकच.

आधी थोडं कारण

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असलं की भार मणक्यांवर जातो. सुईत दोरा ओवायला किंवा गळ्याची पट्टी वळवायला डोकं पुढे गेलं, की मानेच्या मागचे स्नायू त्याला धरून ठेवतात. जोर फार लागत नाही, पण तो सुटतही नाही. तासन्‌तास थोडासा आवळून राहिलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, तो थकतो, दुखतो, आणि दुखतो म्हणून आणखी आवळतो. संध्याकाळी खांद्यावर हात फिरवला की बोटाला गाठी लागतात त्या ह्याच्या.

आता ह्या स्नायूला सोडवायचं कसं? दणादण ओढून तो सुटत नाही. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या ठोक्याने मांडीचा स्नायू एकदम ताणला जातो, आणि एकदम ताणलं गेलं की स्नायू स्वतःला वाचवायला उलटा आवळतो. ही सोय अंगातल्या बहुतेक स्नायूंत आहे. म्हणून हिसका द्यायचा नाही. शाळेत पीटीच्या तासाला ‘एक-दो, एक-दो’ म्हणत उसळ्या घेत पायाचे अंगठे धरायला लावायचे, ती पद्धत तर मॅडमना अजिबात मान्य नाही. सावकाश जायचं, जिथे पहिली ओढ जाणवते तिथे थांबायचं आणि तिथेच राहायचं. थोड्या वेळाने ओढ आपसूक कमी होते. मग वाटलं तर अंगठ्याच्या रुंदीएवढं पुढे जायचं.

किती ओढ हवी हे मुली नेहमी विचारतात. दहापैकी तीन, फार तर चार. चेहरा वाकडा झाला, दात आवळले गेले किंवा श्वास अडकला तर तुम्ही जास्त ओढताय. ओढ चालेल, कळ नको. आणि वीज गेल्यासारखी चमक किंवा मुंग्या तर नकोच नको, त्याबद्दल पुढे सांगते.

वेळ मोजायला घड्याळ लागत नाही. पाच सावकाश श्वास घ्या, श्वास सोडायला घ्यायच्यापेक्षा जास्त वेळ द्या. एवढ्यात वीस ते तीस सेकंद होतात, एका वेळेला तेवढे पुरतात. साठीच्या पुढच्यांनी सात-आठ श्वास थांबावं, वयाने स्नायूला सुटायला वेळ लागतो. प्रत्येक बाजूला दोनदा-तीनदा करा. आठवड्यातून एकदा तासभर अंग पिळून काढण्यापेक्षा रोजचं थोडं बरं.

आणि थंड अंगाने करू नका. आंघोळीनंतर करा, नाहीतर दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी ठेवा, नाहीतर नुसती घरात दोन फेऱ्या मारा आणि हात फिरवा. माघ महिन्यात पहाटे उठून गारठलेल्या फरशीवर ताण देणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण मी तसं करत नाही.

कधी

माझ्याकडे नियम एकच आहे, बॉबिन (मशीनमधली खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) संपली की उठायचं. मुलींना सांगितलं की ‘अर्ध्या तासाने उठा’, तर कोणी उठत नाही, कारण हातात बाही असते आणि ‘एवढी लावते आणि उठते’ असं म्हणता म्हणता जेवायची वेळ होते. बॉबिन मात्र स्वतःच थांबवते. ती भरायला लावायची, मशीन भरत असेल तर एक पाय पेडलवर ठेवून मान सोडवायची, मग उठून दाराच्या चौकटीत उभं राहायचं, कसं ते पुढे येईल. अस्तराचं काम असलं की बॉबिन लवकर संपते आणि अंगही त्याच दिवशी जास्त मोकळं राहतं, हे गमतीचं आहे. तुमच्या कामात असं आपोआप थांबवणारं काय आहे ते शोधा. फोन आला की उभं राहूनच बोलायचं, कुकरची शिट्टी झाली की उठायचं, काहीही चालेल.

मान

इथे सगळ्यात जास्त घाई होते आणि सगळ्यात जास्त चुकीचं होतं, म्हणून सावकाश वाचा.

पाठीची खुर्ची किंवा स्टूल घ्या. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. उजव्या हाताने बसलेल्या स्टुलाची कड खालून धरा. हे धरणं महत्त्वाचं, कारण न धरता मान झुकवली की खांदाच वर येऊन कानाला भेटतो आणि ताण कुठेच बसत नाही. आता डावा कान डाव्या खांद्याकडे जाऊ द्या. नाक समोरच राहील. उजव्या बाजूला कानामागून खांद्यापर्यंत ओढ जाणवेल. डाव्या हाताने डोकं ओढायचं नाही, डोक्याचं वजन पुरेसं आहे. पाच श्वास. वर येताना डाव्या हाताने डोक्याला आधार देऊन वर आणा, नुसतं उचलू नका. मग दुसरी बाजू.

आता दुसरा, आणि मशीनवाल्यांसाठी हा पहिल्यापेक्षा कामाचा. सगळ्या शिंपिणींना ठाऊक आहे की कापड उभ्या धाग्यात ओढलं तर येत नाही, उरेबात, म्हणजे तिरकं, ओढलं की लगेच येतं. मानेचंही तसंच आहे. मानेच्या वरच्या मणक्यांपासून खांद्याच्या पात्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत एक स्नायू तिरका उतरतो, पातं वर उचलण्याचं काम त्याचं. आपण कापड पुढे ढकलताना खांदे नकळत वर घेतो आणि तो दिवसभर उचलूनच धरतो. त्याला सरळ झुकून ओढ बसत नाही. उजवा हात तसाच स्टुलाला धरलेला ठेवा. चेहरा डावीकडे अर्धा वळवा, समोर आणि खांदा यांच्या मधोमध. आता त्याच दिशेने खाली बघा, नाक डाव्या काखेकडे जाऊ द्या, जणू काखेतली शिलाई उसवली आहे का ते बघताय. उजवीकडे मागच्या बाजूला, पात्याच्या कोपऱ्यापर्यंत ओढ लागली की समजा जागा सापडली. पहिल्यांदा ती इतकी नेमकी लागते की बहुतेक बायका ‘हां, इथेच!’ असं ओरडतात. थांबा, श्वास सोडत राहा, आणि उजवा खांदा खाली जाऊ द्या.

तिसरं म्हणजे हनुवटी आत घेणं. भिंतीला पाठ आणि टाचा लावून उभं राहा. हनुवटी वर किंवा खाली न करता सरळ मागे ढकला, डोक्याची मागची बाजू भिंतीकडे. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली पाहिजे. फोटो काढायच्या लायकीचं नाही, पण कवटीच्या बुडाशी जे छोटे स्नायू आखडतात आणि डोकं धरवतात, ते ह्याने मोकळे होतात. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, आठ-दहा वेळा.

मान गोल-गोल फिरवू नका. मागच्या बाजूला डोकं टाकून भराभर फिरवताना मणक्यांचे छोटे सांधे दाबले जातात आणि काहींना गरगरतं. आणि सलूनमध्ये किंवा घरात कोणाकडून ‘कट्ट’ करून मान मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांना इजा होऊन माणसाला अर्धांग झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. कट्ट आवाजाने बरं वाटतं हे मला माहीत आहे. तरी नको.

अजून एक, हे फक्त आमच्या जमातीचं. टाचण्या ओठांत धरायची सवय. दोन टाचण्यांसाठी जबडा तासभर आवळलेला राहतो, आणि जबड्याचा तो स्नायू आवळला की कानशिलं आणि मान दोन्ही धरतात. मनगटाला टाचण्यांची गादी बांधा. आणि मधूनमधून ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली, असं दहा श्वास बसा. एवढ्याने कपाळावरची आठीसुद्धा जाते.

छाती आणि पाठ

दोन पात्यांच्या मधे दुखतं, तिथे जळजळतं, हे मशीनवरचं सर्वांत ठरलेलं दुखणं. साहजिकच सगळ्या जणी पाठ गोल करून, हात पुढे गुंफून तिथे ताण देतात. दोन मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा तेच. कारण ती जागा आधीच दिवसभर ताणलेली आहे. आखडलेले आहेत ते समोरचे छातीचे स्नायू. खांदे पुढे ओढतात ते, आणि ओरडते पाठ. तेव्हा सोडवायचं पुढून.

दाराच्या चौकटीत उभं राहा. उजवा हात कोपरात काटकोनात वाकवून, कोपरापासून तळव्यापर्यंतचा भाग चौकटीला लावा. कोपर खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली. वर नको, ज्यांचा खांदा दुखतो त्यांना वर अजिबात नको. उजवा पाय एक पाऊल पुढे टाका आणि सगळं अंग एकसंध पुढे जाऊ द्या. कंबरेतून पोट पुढे काढून फसवू नका, बरगड्या खाली ठेवा. छातीवर खांद्याच्या पुढे ओढ जाणवेल. ती खांद्याच्या सांध्यात खुपत असेल तर हात थोडा खाली घ्या. पाच श्वास, मग डावी बाजू. उजव्या हातावर कात्री आणि इस्त्रीचं काम जास्त असतं, म्हणून मी उजवीकडे एक वेळ जास्त करते.

रात्री वेळ असेल तर ह्याहून सुखाचं एक आहे. जुन्या चादरीची घट्ट वळकटी करा, मनगटाएवढी जाड. जमिनीवर चटई घालून ती उभी ठेवा आणि तिच्यावर पाठीचा कणा येईल असं उताणं झोपा, डोकंही तिच्यावरच टेकेल एवढी लांब. गुडघे वाकलेले, तळवे आकाशाकडे, हात अंगापासून लांब सोडलेले. काही करायचं नाही. दोन-तीन मिनिटांत खांदे स्वतःच जमिनीकडे उतरतात. उठताना कुशीवर वळून उठा. वळकटी टोचत असेल तर पातळ करा, हे सहन करायचं काम नाही.

ज्यांचं अंग ताण देऊनही सुटत नाही, त्यांनी उलटं करून बघावं. दोन्ही खांदे कानापर्यंत वर घ्या, मुद्दाम आवळा, पाच-सात सेकंद धरा आणि एकदम सोडून द्या. खांदा सुटलेला असतो म्हणजे कसा असतो हेच पुष्कळांना आठवत नसतं, ते ह्याने आठवतं. असं एकेक स्नायू आवळून सोडण्याची अंगभर पद्धत एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली, अजून ती चिंतेच्या रुग्णांना शिकवतात. लग्नाच्या आदल्या दिवशी ‘ताई, बाही घट्ट होतेय’ म्हणत गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मी ती तिच्या समोरच करते. तिला कळत नाही.

मनगट

थोडक्यात. हात समोर सरळ, तळवा खाली, दुसऱ्या हाताने बोटांचा भाग हलकेच खाली-आत दाबा, कोपराच्या बाहेरच्या बाजूला ओढ येईल. मग तळवा वर करून बोटं खाली-मागे, आतली बाजू ताणली जाईल. काजं करणाऱ्या, हूक लावणाऱ्या मुलींनी प्रत्येक ब्लाऊजनंतर करावं. पण रात्री झोपेत अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, हात झटकावा लागत असेल, तर तो स्नायूचा प्रश्न नाही. मनगटाच्या आत शीर दाबली जातेय. तिथे ओढाताण न करता डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवलं तर रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्टीवर पुष्कळदा भागतं.

कंबर, आणि कंबरेच्या पुढचं

कंबर धरली की हात मागे जातो. पण इथेही छातीसारखीच गंमत आहे. कंबरेच्या मणक्यांच्या पुढून एक जाड स्नायू निघतो, ओटीपोटातून खाली येतो आणि मांडीच्या हाडाला आतून लागतो. मांडी वर उचलायचं काम त्याचं. बसलं की तो आखूड होऊन बसतो, आणि आम्ही दिवसभर बसतो. उठून उभं राहिलं की तो कंबरेला पुढे ओढतो, म्हणून पहिली चार पावलं वाकून पडतात. त्याला सोडवल्याशिवाय कंबरेला तेल चोळून फारसा उपयोग नाही.

सोपी रीत पलंगाची. पलंगाच्या कडेला अगदी टोकावर बसा आणि मागे आडवं व्हा, दोन्ही गुडघे छातीशी घ्या. आता डावा गुडघा दोन्ही हातांनी छातीशीच धरून ठेवा आणि उजवा पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा. लटकू द्या. उजव्या मांडीच्या वर, जांघेच्या पुढे ओढ येईल. कंबर गादीला टेकलेलीच राहिली पाहिजे. ती उचलली जात असेल तर डावा गुडघा अजून जवळ घ्या. इथे मी दहा श्वास थांबते, कारण ह्यात काहीच श्रम नाहीत. पाय बदलताना आधी लटकता पाय वर घ्या, मगच दुसरा सोडा.

ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी एक गुडघा उशीवर टेकून, दुसरा पाय पुढे काटकोनात ठेवून करावं. त्यात गोम अशी, की पुढे झुकण्याआधी शेपटीचं हाड आत घ्यायचं आणि मागच्या पायाच्या बाजूचा कुल्ला आवळायचा. एवढं केलं की इंचभर पुढे जाताच ओढ बसते. ते न करता पुढे कितीही झुका, कंबरेत खड्डा पडतो आणि दुखणं वाढतं. साडीत हे जमत नाही, गाऊनमध्ये जमतं.

मोटर लावलेल्या मशीनवर पेडल उजव्याच पायाने दाबतात, आणि वजन डाव्या कुल्ल्यावर जातं. त्यासाठी खुर्चीवर बसून डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवा, पाठ सरळ ठेवून पोटातून थोडं पुढे झुका. कुल्ल्यात खोल ओढ लागते. दोन्ही बाजू करा. गुडघ्यात दुखलं तर पाय थोडा खाली घ्या किंवा सोडून द्या.

पाठीसाठी शेवटी चटईवर चार पायांवर होऊन पाठ वर-खाली करायची, ज्याला मार्जारासन म्हणतात. श्वास सोडताना पाठ वर, घेताना खाली, आठ-दहा वेळा, आळसावल्यासारखं. पण सकाळी उठल्याउठल्या खाली वाकून पायाचे अंगठे धरायला जाऊ नका. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात (सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच), आणि तेव्हा वाकलं की त्यांच्यावर दाब जास्त येतो. तासभर हिंडूफिरू द्या, मग वाका.

मांडीची मागची बाजू आणि पोटऱ्या

ह्यासाठी ओढणी लागते, तीही सुती, शिफॉनची घसरते. उताणं झोपा, ओढणी उजव्या तळव्याभोवती घाला, दोन्ही टोकं हातात. पाय वर न्या. गुडघा थोडा वाकलेला राहिला तरी बिघडत नाही, अंगठ्याला हात लागलाच पाहिजे असं नाही. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या आणि घोंगड्या घेऊन आसनं शिकवायची पद्धत रूढ केली ती ह्याचसाठी, की ताठ अंगाच्या माणसालाही नीट आसन करता यावं. हात पोचत नाही तिथे ओढणी पोचते. मांडीच्या मागे रुंद ओढ यायला हवी. तीच जर बारीक, पोटरीतून तळव्यापर्यंत झिणझिण करत गेली, तर ताण शिरेवर पडतोय. पाय खाली आणा, पावलाचा चवडा सैल सोडा. नुसती शीर ओढत बसण्याने काही सुटत नाही, ती चिडते.

पोटरीचे स्नायू दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळे सोडवावे लागतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा सरळ, तेव्हा वरचा मोठा स्नायू ताणला जातो. मग तसंच राहून मागचा गुडघा वाकवा, टाच न उचलता. आता ओढ खाली, टाचेच्या जरा वर येते, तो आतला. पायमशीन चालवणाऱ्यांचा हाच थकतो. रात्री पायात गोळा आला तर घाबरून पोटरी कुस्करू नका. गुडघा सरळ करून पायाची बोटं नडगीकडे ओढा आणि धरून ठेवा. ज्यांना वरचेवर गोळे येतात त्यांनी झोपायच्या आधी भिंतीशी हे करून बघावं.

कधी करू नये

उसण भरली असेल तर पहिले दोन-तीन दिवस ताण देऊ नका. शेकत राहा, घरात हळूहळू चालत राहा, झेपेल तेवढं हला. अवजड उचलताना किंवा पडल्यावर स्नायूत ‘टचकन’ झालं असेल आणि सूज किंवा काळंनिळं दिसत असेल, तर तो फाटलेला असू शकतो. फाटलेल्याला ओढून काय मिळणार?

पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झाल्याचं ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी पाठ गोल करून पुढे वाकायचं सोडा, मणका दबायची भीती असते. चौकट आणि पोटऱ्यांचे ताण त्यांना चालतात. गरोदरपणात सांधे आधीच सैल झालेले असतात, तेव्हा शेवटपर्यंत ताणू नका, आणि पुढच्या महिन्यांत उताणं पडून फार वेळ राहू नका.

हातातून कात्री सुटायला लागली, हाताची किंवा पायाची ताकद कमी झाली, दुखणं रात्री झोपेतून उठवतंय, सोबत ताप आहे किंवा वजन उतरतंय, तर आधी डॉक्टर. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. आणि डावा खांदा-हात, जबडा भरून येऊन छातीवर दाब, घाम, मळमळ असं झालं तर ‘मशीनवर फार बसले’ असं म्हणत मान सोडवत बसू नका. बायकांच्यात हृदयाचं दुखणं बरेचदा असंच, पाठदुखीच्या सोंगात येतं.

काय मिळेल, काय नाही

ताण दिल्या-दिल्या हलकं वाटतं, ते खरं आहे. पण पहिल्या काही आठवड्यांत वाकणं वाढतं ते स्नायू लांब झाला म्हणून नाही. ताण सहन करायची अंगाला सवय होते म्हणून. त्यामुळे सोडलं की गेलं. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते मात्र ताण देऊन फारसं कमी होत नाही, त्याची अपेक्षा धरू नका. आणि नुसतं सोडवून भागत नाही, धरून ठेवायला ताकदही लागते. दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन, थोडं पुढे झुकून, कोपरं मागे ओढायची, पाती एकमेकांजवळ आणायची, एक दिवसाआड. मॅडम म्हणतात की माझ्या मानेला सगळ्यात जास्त फायदा ह्यानेच झाला असणार. मी म्हणते चौकटीने. वाद चालू आहे.

स्टूल मात्र बघाच. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मशीन छातीशी येत असेल तर खांदे दिवसभर उचललेले राहणार, मग चौकटीत कितीही उभं राहा. कोपर मशीनच्या पाटाच्या किंचित वर राहील एवढी उंची हवी. जाड उशी ठेवा, ती दबते म्हणून खाली एक फळकूट ठेवा. सुईवरचा दिवा जळतोय ना तेही बघा. दिवा गेला की पहिली मान पुढे जाते. कापड बेतायचं काम जमिनीवर उकिडवं बसून करत असाल तर तेही टेबलावर घ्या, नाहीतर निदान पाट घेऊन बसा.

लगीनसराईत हे सगळं जमणार नाही हे मलाही माहीत आहे. तेव्हा दोनच ठेवा. दिवसा बॉबिन संपली की चौकट आणि रात्री पडायच्या आधी पलंगाची कड, दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. बाकीचे आषाढ लागला की सुरू करा. गौरी-गणपतीची गर्दी चालू होईपर्यंत मशीन तशीही निवांतच असते.